एकोणीस मार्चची गुणगुण

‘चव्हाट्या’वरच्या एक्केचाळीस हजार बातम्या तपासून झाल्या, तेव्हा त्यांतल्या सतरा खोट्या निघाल्या. सोळांचं शलाकाला फारसं काही वाटलं नाही. कुणी मित्राची चेष्टा केली होती, कुणी आदल्या वर्षीच्या पुराचं चित्रण नवं म्हणून खपवलं होतं. सोळा ते पंचवीस वयाची नऊ हजार पोरंपोरी जे माध्यम चालवतात, तिथं एवढं व्हायचंच. सतरावी बातमी मात्र पहिली होती.

“पहिली म्हणजे?” फरहाना मोमीन यांनी विचारलं. त्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. तपासणीचं यंत्र त्यांनीच बनवलं होतं, आणि त्याचा निकाल घेऊन त्या सकाळच्या बसने इचलकरंजीला आल्या होत्या.

“पहिली म्हणजे अगदी पहिली. हिच्यामुळेच चव्हाटा सुरू झाला.” शलाकाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “मॅडम, यंत्राची चूक?”

“चार मिनिटं बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. मागे पाण्याचा पंप चालू आहे. इतका स्वच्छ नमुना मला सगळ्या एक्केचाळीस हजारांत मिळाला नाही.” फरहाना मॅडम थांबल्या. “मीही तीनदा चालवून पाहिलं. म्हणून तर फोन न करता स्वतः आले.”

शलाका बावचकर सव्वीस वर्षांची होती. वडिलांच्या यंत्रमाग कारखान्याच्या अर्ध्या भागात आठ माग अजून खडखडत होते आणि उरलेल्या अर्ध्या भागात तिचं कार्यालय होतं. सहा वर्षांपूर्वी, २०२९ साली, तिने आणि तिचा मोठा भाऊ गिरीश याने तिथंच दोन खुर्च्या टाकून ‘चव्हाटा’ सुरू केला. तरुणांनी आपल्या गल्लीतली, गावातली, कॉलेजातली बातमी स्वतः टिपायची, स्वतः सांगायची आणि खाली स्वतःचं नाव घालायचं, एवढाच नियम. शिरोळच्या मुलींनी पुरात कुठली बोट कुठे आहे हे मिनिटामिनिटाला कळवून दोन वाड्या रिकाम्या केल्या, तेव्हा चव्हाट्याचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं. आता पुढच्या रविवारी सहा जिल्ह्यांतल्या दीडशे कॉलेजांत चव्हाट्याची केंद्रं सुरू व्हायची होती. नऊ दिवस उरले होते.

कॉलेजं तयार झाली होती ती फरहाना मॅडमच्या यंत्रामुळे. एव्हाना कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज पाच मिनिटांत बनवता येत होता. खोटं लोकांना पचू लागलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे खरं पचेनासं झालं होतं. रंगेहाथ पकडलेला माणूसही “हे बनवलेलं आहे” म्हणायचा आणि सुटायचा. अशा दिवसांत फरहाना मॅडमनी विजेला साक्षीला बोलावलं.

वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, असं आपण शाळेत शिकतो. ते पुरतं खरं नाही. हजारो पंप एकदम सुरू झाले की विजेच्या जाळ्यावर भार पडतो, दूरच्या वीजकेंद्रांतली जनित्रं किंचित मंदावतात आणि पन्नासातला काही शतांश भाग कमी होतो. भार उतरला की तो पुन्हा वाढतो. हा चढउतार देशभर एकाच क्षणी सारखा असतो, आणि एका दिवसाचा दुसऱ्या दिवसासारखा कधीच नसतो. पंखा, ट्यूबलाइट, मोटार, रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर, सगळी याच तालावर घूं करत असतात. आपल्याला ते सवयीने ऐकू येत नाही. फोनला येतं. जवळपास वीज असेल तर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये, बोलणाऱ्याच्या आवाजाखाली, ही गुणगुण उतरलेली असते. वीज-नियंत्रण केंद्रं हा चढउतार कित्येक वर्षं सेकंदासेकंदाला नोंदवत आली आहेत. रेकॉर्डिंगमधली गुणगुण त्या नोंदींवर सरकवत न्यायची. जिथं ती तंतोतंत बसेल, तो त्या रेकॉर्डिंगचा दिवस आणि तीच वेळ.

ही युक्ती जुनीच होती, पण तिला बराच वेळ चाललेलं रेकॉर्डिंग लागे. फरहाना मॅडमनी ते दोन मिनिटांवर आणलं. शिवाय आता प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर मीटर बसले होते. कुठे माग, कुठे बर्फाचा कारखाना, कुठे नुसती घरं, त्यामुळे प्रत्येक भागाच्या गुणगुणीला स्वतःचं वळण असे, माणसाच्या अक्षरासारखं. हे वळण तासाभराने जाहीर होई आणि चव्हाट्यावर बातमी त्याआधी जमा करावी लागे. जे अक्षर अजून कुणी पाहिलेलंच नाही, त्याची नक्कल करणार कोण? त्यामुळे नव्या बातमीला जागेचा आणि वेळेचा, दोन्ही शिक्के मिळत. जुन्या बातम्यांना फक्त वेळेचा.

जुन्या बातम्याही तपासून घ्यायची कल्पना शलाकाचीच. “केंद्रं उघडायच्या आधी सगळं घर झाडून घेऊ,” असं ती म्हणाली होती.

आणि आता यंत्र सांगत होतं की, सतरा एप्रिलला काढलेला म्हणून तीस लाख लोकांनी पाहिलेला तो व्हिडिओ एकोणीस मार्चला, सकाळी दहा बावन्नला काढलेला होता.

तो व्हिडिओ शलाकाला पाठ होता. एप्रिलमध्ये शहराला नऊ दिवस पाणी नव्हतं. चित्रणात टाकीखालचा वाल्व्हमन एका निळ्या टँकरला पाणी सोडतो, टँकरवाला त्याच्या हातात काहीतरी देतो, वाल्व्हमन ते घडी करून वरच्या खिशात ठेवतो आणि हसतो. गाव पेटून उठलं. पाणी सोडायचं काम तेव्हा एका कंत्राटदार कंपनीकडे होतं. तिने आठवड्यात त्या माणसाला कामावरून काढलं. त्याचं नाव आण्णासो कुरुंदवाडे.

“एकोणीस मार्चला काय होतं?” फरहाना मॅडमनी विचारलं.

शलाकाने शोधलं. जुन्या वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. सूतगोदामाला आग, खासगी टँकर ताब्यात घेऊन पाणी पुरवलं.

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता.

“माझ्या शोधनिबंधात सगळी यादी द्यावी लागेल, सतराच्या सतरा,” फरहाना मॅडम उठताना म्हणाल्या. “पण तो छापून यायला वेळ आहे. त्याआधी तू काय करायचं, ते तू ठरव.”

गिरीश वरच्या मजल्यावर नव्या तुकडीला शिकवत होता. कुरुंदवाड, जयसिंगपूर, निपाणीकडची तीस मुलं. सगळी त्याला दादा म्हणत. दर महिन्याला तो पहिला धडा म्हणून तोच व्हिडिओ दाखवायचा. शलाका दारात उभी राहिली. पडद्यावर आण्णासो कुरुंदवाडे हसले, चित्र थांबलं आणि गिरीश म्हणाला, “हातात फोन होता आणि मी तिथं उभा होतो. बस्स, एवढंच लागतं.”

मुलं चहाला गेल्यावर तिने त्याला गच्चीवर नेलं. सगळीकडे कापसाचे तंतू उडत होते.

“दादा, तो व्हिडिओ कधीचा?”

“सतरा एप्रिल. आपल्या भिंतीवरच लिहिलंय की.”

“यंत्र एकोणीस मार्च म्हणतंय.”

यंत्र चुकतंय, असं तो म्हणाला नाही. त्याने फक्त कठड्यावर हात टेकले. शलाकाला तिथंच उत्तर मिळालं.

“नऊ दिवस पाणी नव्हतं,” तो म्हणाला. “आई सार्वजनिक बोअरवरनं कळशी आणताना पडली. तिच्या मनगटात प्लेट घालत होते आणि मी बाहेर बाकड्यावर फोन बघत बसलो होतो. त्यात तो सापडला. आग बघायला निघालो होतो मार्चमध्ये, तेव्हा वाटेत सहज काढलेला. मला वाटलं, हा माणूस रोज हेच करत असणार. सगळं गाव तेच म्हणत होतं. फक्त कुणाला सापडत नव्हता.”

“म्हणून तू सापडवून दिलास.”

“मी तेवीस वर्षांचा होतो, शलाका.”

“आणि त्याच्या हातात दिली ती नोट?”

गिरीशने कठड्यावरचे तंतू झटकले.

“दादा.”

“चिठ्ठी होती. टँकर ताब्यात घेतल्याची.” त्याचा आवाज उतरला. “मोठं करून बघितलं तेव्हा कळलं. पण ते दोन महिन्यांनी. तोवर त्याला काढून टाकलं होतं, आणि आपल्याकडे चारशे पोरं जमली होती.”

म्हणजे त्याला सहा वर्षं माहीत होतं. सहा वर्षं, दर महिन्याला, त्याने तो पडद्यावर लावला होता. शलाकाला राग यायला हवा होता, पण आधी आठवला तो सतरा एप्रिलचा स्वतःचाच प्रश्न. “आजचाच आहे ना रे?” त्याने “व्हय” म्हटलं आणि तिने विश्वास ठेवला. फोनमध्ये तारीख बघायला दहा सेकंद लागले असते.

“हे जाहीर करावं लागेल,” ती म्हणाली.

“कर की. पण आधी त्या शिरोळच्या पोरींचा विचार कर. नऊ हजार पोरं खरं सांगतायत. उद्या त्यांनी काहीही दाखवलं तरी समोरचा म्हणणार, तुमची पहिलीच बातमी खोटी. माझ्या एका चुकीपायी सगळ्यांच्या खऱ्यावर पाणी पडेल. केंद्रं सुरू होऊ देत. वर्षभराने सांगू, बेतानं.”

त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. शलाका त्याच्याकडे पाहत राहिली. वडिलांनी माग विकायचे म्हटल्यावर अडून बसलेला, तिच्यासाठी कायमची नोकरी सोडणारा हा भाऊ.

“आपण लोकांना सांगतो, गुणगुणीला भीडभाड नाही,” ती शेवटी म्हणाली. “दुसऱ्याविरुद्ध बोलली की शिक्का मारायचा आणि आपल्याविरुद्ध बोलली की वर्षभर गप्प बसवायची, हे मला जमणार नाही. मी आधी त्या काकांकडे जाते. तू येतोस?”

तो आला नाही. संध्याकाळी त्याने पिशवी भरली आणि मिरजेला मित्राकडे निघून गेला. आईने विचारलं तेव्हा शलाकाने सगळं सांगितलं. आई भाकरी थापता थापता थांबली.

“माझ्या मनगटाचा दाखला देऊ नको म्हणावं त्याला,” ती म्हणाली. “ते कधीचं जुळलं.”

आण्णासो कुरुंदवाडे जवाहरनगरात दोन खोल्यांत राहत होते. दाराशी उघडी मोटार होती आणि ते तिचा बेअरिंग काढत बसले होते. नळदुरुस्ती, मोटार दुरुस्ती, अशी कामं ते घरोघर जाऊन करायचे. वय अठ्ठावन्न. चित्रणातल्या माणसापेक्षा बारीक झालेले.

“मी शलाका बावचकर.”

“माहिती आहे.” त्यांनी वर पाहिलं नाही. “काय बिघडलंय तुमच्याकडं?”

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. यंत्र, तारीख, चिठ्ठी, भाऊ, काहीही गाळलं नाही. बोलताना आतून त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू येऊन उंबऱ्यात थांबल्या. सांगून झाल्यावर आण्णासोंनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले.

“एकोणीस मार्च,” ते म्हणाले. “मी त्यांना हेच सांगत होतो. साहेब, हा आगीचा दिवस आहे. टँकर भरा असा तोंडी निरोप होता. चिठ्ठी मी ऑफिसात दिली, ती त्यांना सापडली नाही. फायरब्रिगेडला विचारा म्हटलं, तर म्हणाले, तारीख सतरा एप्रिल आहे, त्या दिवशी कुठं आग होती?” त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मी माणूस आहे. मी सांगत होतो तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता वायरीनं सांगितलं म्हणून तू आलीस.”

शलाका तशीच उभी राहिली.

“बसा तरी,” सुशीलाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “थोरल्या मुलीची सोयरीक मोडली त्या वर्षी. पाणीचोराची मुलगी म्हणून. नंतर झालं तिचं, चांगलं झालं. पण कुणी चारचौघांत हाक मारली की हे आधी चेहरा बघतात, कोण काय म्हणणार म्हणून.”

“काका, मी सगळं जाहीर करणार आहे. पण तुमचं नाव पुन्हा निघेल. तुम्हाला नको असेल, तर...”

“नाव तर निघालेलंच आहे.” ते विचार करत होते. “किती लोकांनी बघितला होता तो?”

“तीस लाख.”

“तेवढ्यांना परत सांगता येईल?”

“ज्यांनी पुढे पाठवला त्या सगळ्यांची नोंद आमच्याकडे आहे. त्यांच्यापर्यंत पोचवता येईल. सगळ्यांपर्यंत पोचेलच असं खोटं सांगत नाही.”

“मग पोचव. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात घालू नको.” त्यांनी पाना पुन्हा हातात घेतला. “आणि तू सांगू नको. ज्यानं काढला त्यानं सांगायचं.”

पुढचे तीन दिवस गिरीशने फोन उचलला नाही. शलाकाने त्याला एकच निरोप पाठवला: काकांचं म्हणणं, शब्दाला शब्द. मग ती कामाला लागली. सहा वर्षांपूर्वीच्या साखळ्या उकलून, कुणी कुणाला पाठवलं याची यादी तिच्या चार जणांनी तयार केली. फरहाना मॅडमनी गुणगुणीचा नकाशा बनवला: वर वीज-नियंत्रण केंद्राची रेघ, खाली व्हिडिओतली रेघ, आणि दोन्ही एकमेकींवर सरकत जाऊन एकोणीस मार्चवर अशा बसतात, जसा कुलपात किल्लीचा दाता बसतो. शेजारी अग्निशमन दलाच्या रजिस्टरचं पान. आगीची वर्दी, सकाळी दहा एकतीस.

दीडशे कॉलेजांच्या प्रमुखांना तिने स्वतः पत्र लिहिलं. रविवारच्या आधी तुम्हाला हे कळलं पाहिजे, असं सुरू करून सगळं मांडलं आणि शेवटी लिहिलं की, माघार घ्यायची असेल तर आमची तक्रार नाही.

शुक्रवारी दुपारी चव्हाट्याच्या पेटीत एक बातमी जमा झाली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. गिरीश त्याच टाकीखाली उभा होता आणि मागे पंप चालू होता. तो मुद्दामच तिथं गेला होता हे शलाकाला लगेच कळलं. त्याच्या शब्दाची आता किंमत नव्हती. त्याला गुणगुण सोबत हवी होती.

“माझं नाव गिरीश बावचकर,” तो कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला. “आज बारा ऑक्टोबर आहे. सहा वर्षांपूर्वी मी इथं एक व्हिडिओ काढला आणि त्याची तारीख खोटी सांगितली. त्यातला माणूस चोरी करत नव्हता. तो आग विझवायला पाणी देत होता. त्याच्या हातात नोट नव्हती, चिठ्ठी होती. दोन महिन्यांनी मला हे कळलं, आणि तरी मी गप्प बसलो. कारण तोवर सगळे मला शाबास म्हणत होते. त्या माणसाचं नाव आण्णासो कुरुंदवाडे. त्यांचं नाव तुम्ही माझ्याकडून एकदा ऐकलंय. आज पुन्हा ऐका.”

खाली हिरवा शिक्का उमटला. जागा जुळली, वेळ जुळली.

शनिवारी सकाळी आठला चव्हाटा उघडला, तेव्हा त्यावर एवढी एकच बातमी होती. पूर्ण दिवस दुसरं काहीही नाही. आधी जुना व्हिडिओ, मग गुणगुणीचा नकाशा, मग गिरीश. ज्यांनी जुना पुढे पाठवला होता, त्या प्रत्येकाच्या फोनवर ओळ गेली: तुम्ही हे पाठवलं होतं, ते खोटं होतं, आता हे पाठवा.

दुपारपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. ‘नावच चव्हाटा, त्यांनाच चव्हाट्यावर आणलं,’ ही कोटी शलाकाने त्या दिवसात चाळीसेक वेळा वाचली. गिरीशच्या हाताखाली शिकलेली काही मुलं रडत फोन करत होती, काहींनी नावं काढून घेतली. पण चार वाजल्यानंतर दुसरंच काही सुरू झालं. लोक ती बातमी खरोखर पुढे पाठवू लागले. ‘मीही तेव्हा शेअर केलं होतं,’ असं लिहून. रात्री आठपर्यंत अकरा लाख झाले, पुढच्या आठवड्यात चोवीस. तीस झाले नाहीत. शलाकाने तो आकडा आण्णासोंना आहे तसा सांगितला.

रविवारी कोल्हापुरात दीडशेपैकी अठ्ठावन्न कॉलेजं आली. सभागृह अर्धं रिकामं होतं. शलाका व्यासपीठावर गेली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे न बघण्याचा तिने प्रयत्न केला नाही.

“जी कॉलेजं आली नाहीत, त्यांचं बरोबर असू शकतं,” ती म्हणाली. “तुम्ही आलात, ते आम्ही कधी चुकत नाही असं तुम्हाला वाटतं म्हणून नव्हे. ते आता वाटणं शक्य नाही. चूक झाली तर आम्ही ती किती मोठ्या अक्षरात लिहितो, ते तुम्ही काल बघितलं.”

मागच्या रांगेतली गडहिंग्लजची एक मुलगी उठली. “ताई, पहिला धडा म्हणून आता काय दाखवायचं?”

“दोन्ही व्हिडिओ,” शलाका म्हणाली. “आधी तो, मग हा. आणि दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं. पहिला बघून तुम्हाला त्या माणसाचा किती राग आला, ते कागदावर लिहून ठेवायचं.”

वर्षभरात अठ्ठावन्नची शहाऐंशी झाली.

आण्णासो कामगार न्यायालयात गेले. फरहाना मॅडमनी तिथं जाऊन दोन तास विजेची गुणगुण समजावून सांगितली. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा? मॅडम म्हणाल्या, यंत्रावर ठेवू नका, आगीचं रजिस्टर बघा; दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी दोघं एकच सांगतायत. आठव्या महिन्यात निकाल लागला. बडतर्फी रद्द झाली आणि नोकरीची राहिलेली मुदत पुरी करायला आण्णासो पुन्हा त्याच टाकीखाली रुजू झाले. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी त्यांना नारळ दिला. त्यांनी तो घेतला, आणि पाणी नेहमीच्या वेळेला सोडलं.

गिरीशने चव्हाटा सोडला होता. तो वडिलांच्या मागांवर जॉबर म्हणून, मागांची जोडणी-दुरुस्ती करायला, उभा राहिला. बहीण-भाऊ एकाच छपराखाली भिंतीच्या दोन बाजूंना काम करत. जेवायच्या वेळी कामापुरतं बोलत, कधी तेवढंही नाही. शलाकाने त्याला परत बोलावलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तो आण्णासोंच्या घरी दोनदा जाऊन आला होता. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा सुशीलाकाकूंनी उघडलं आणि “ते कामावर आहेत” एवढंच सांगितलं.

निकालानंतरच्या जानेवारीत एका सकाळी आण्णासोच सायकलवरून कारखान्याच्या दारात आले. शलाकाला वाटलं, आपल्याकडे आले. पण ते मागांकडे वळले. खडखडाटात दोघं काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. गिरीशने माग बंद केला, हात पुसले आणि तो त्यांच्या सायकलमागून आपली गाडी काढून निघाला.

दहाच्या आतच एक बातमी जमा झाली. वार्ताहर नवा होता: गिरीश बावचकर. शहराला पाणी आणणारी मुख्य वाहिनी शेतांतून येते. तिथं एका जोडाजवळ पाणी कारंज्यासारखं उडत होतं आणि दोन एकर उसात तळं साचलं होतं. ही गळती आण्णासोंनी तीनदा कळवली होती, तिन्ही वेळा ‘पाहतो’ असं उत्तर आलं होतं. चित्रण साधं, सलग, कुठेही न कापलेलं. बोलताना गिरीशने एकदाही ‘सगळे म्हणतात’ असं म्हटलं नव्हतं.

शिक्का मात्र उमटला नाही. उघड्या शेतात ना तार होती ना मोटार; फोनमध्ये वारा आणि पाणी सोडून काहीच उतरलं नव्हतं. अशा बातमीसाठी चव्हाट्याचा वेगळा नियम होता. जागेवर हजर असलेल्या दोन माणसांनी नावानिशी साक्ष द्यायची आणि संपादकाने दोघांना स्वतः फोन करायचा.

पहिलं नाव शेताच्या मालकीणबाई पद्मावती मगदूम यांचं होतं. त्यांनी तारीख, वेळ सांगितली आणि वर शलाकालाच विचारलं की, माझा ऊस कुजला तर कुणाला धरू?

दुसरं नाव शलाकाने दोनदा वाचलं. मग तिने नंबर लावला.

“काका, चव्हाट्यावरून शलाका बोलतेय. एका बातमीला तुमची साक्ष लावली आहे. नियमाप्रमाणे विचारते.”

“विचार की.”

“चित्रण कधीचं?”

“आजचं. सव्वानऊ ते साडेनऊ.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“त्याच्या शेजारीच उभा होतो. दोघांचेही पाय चिखलात होते.” पलीकडे वाल्व्हचं चाक फिरवल्याचा आवाज आला. “मी पण त्याला तारीख विचारली, चित्रण चालू असताना. त्यानं सांगितली. बघ, आवाज येत असेल त्यात.”

शलाकाने चित्रण पुन्हा लावलं. पाण्याच्या फवाऱ्याआडून आण्णासोंचा आवाज आला, “आज तारीख काय रे?” आणि गिरीशचं उत्तर, सावकाश, प्रत्येक आकडा सुटा.

तिने साक्षीदाराच्या रकान्यात नाव लिहिलं: आण्णासो कुरुंदवाडे, वाल्व्हमन. आणि बातमी प्रसिद्ध केली.